परांची उतरवण्याचं पत्र

मामांनी इंजिनिअरच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या तेव्हा मी तिथंच उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटलं. त्याचा चष्मा उडून वाळूच्या ढिगात पडला, नाकातून रक्त आलं, आणि तो तोंड झाकून "माझं नाक, माझं नाक" करत खाली बसला. मामा म्हणाले, "नाक राहू दे. काढलेला तिरपा आधी जागेवर लाव. वरचा माणूस खाली आला असता तर त्याला नाक सोड, तोंडसुद्धा उरलं नसतं."

तिरपा म्हणजे परांची डुलू नये म्हणून तिला तिरका ठोकलेला पाईप. खिडकीची चौकट आत घ्यायला तो आड येत होता, म्हणून इंजिनिअरनं मामांना न विचारता काढायला लावला होता. चूक शंभर टक्के त्याची. पण इंजिनिअरला मारून आजवर कुणाचं भलं झालंय?

आमचं काम म्हणजे जुन्या हॉस्पिटलला लागून उभी राहणारी सात मजली नवी इमारत, आणि त्यात माझं काम वेंडर सांभाळणं. क्रेनवाला, काँक्रीटवाला, लिफ्टवाला, काचवाला, परांचीवाला. प्रत्येकाशी करार करायचा, मग त्याच करारावरून भांडायचं, मग समजूत काढायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मला ते जमतं, कारण माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि उतरतोही तितक्याच लवकर. निदान मी तसं समजत होते.

मामा माझे कुणी लागत नव्हते. साइटवर ते सगळ्यांचेच मामा. साठी उलटलेली, हात खोऱ्यासारखे, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. अकरा वर्षांपूर्वी मी नवखी असताना त्यांनीच मला हाताला धरून परांचीवर चढवलं होतं आणि कुठल्या फळीवर पाय ठेवायचा, कुठल्या नाही, ते दाखवलं होतं. एकटी असले की पोरी म्हणायचे, चारचौघांत बाई. त्यांना वाचता येत नव्हतं. कागद त्यांचा भाचा वाचून दाखवायचा, तोही एकदाच. दुसऱ्यांदा वाचू का विचारलं की म्हणायचे, "तिनं लिहिलंय ना? मग सही कुठं करायची ते सांग."

त्यांच्या करारात मी स्वतः घातलेलं एक कलम होतं. मागे एकदा परांचीवरच्या माणसाला खालून तिघांनी तीन हुकूम दिले आणि तो मरता मरता वाचला. तेव्हापासून मी लिहून टाकलं की परांचीवर फक्त मामांची शिट्टी चालेल, तोंडी हुकूम कुणाचाच नाही, अगदी साहेबांचाही नाही. एक लांब शिट्टी म्हणजे खोलायला लागा. दोन तोकड्या म्हणजे हात जिथं आहे तिथं थांबवा. बाकीच्या खुणा त्यांच्या आपसातल्या, त्या मी विचारल्याही नाहीत. मामांनी आपल्या चाळीस माणसांना ते इतकं घोटून घेतलं होतं की साइटवर म्हणायचे, मामांच्या पोरांना बापानं हाक मारली तरी वळून बघणार नाहीत.

दुसरं एक कलम मात्र मी आळसानं घातलं होतं. करार संपताच वेंडरनं आपलं सामान उचलावं, त्याला कुणी अडवू नये. हे मूळचं क्रेनच्या करारातलं. क्रेन काय, चालू केली आणि निघाली. परांचीला माणसं लटकलेली असतात, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

मारामारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मामांना आजच काढा. नवा माणूस दहाला येतोय."

"साहेब, असा एका दिवसात परांचीवाला बदलत नाहीत."

"इंजिनिअरच्या नाकाचं हाड मोडलंय. त्याचा बाप उद्या इथं येऊन बसला तर तुम्ही बोलणार आहात का त्याच्याशी?"

मी टेबलावर येऊन पत्राचा ठरलेला नमुना उघडला. त्यात तीनच वाक्यं असतात. करार आजपासून संपुष्टात येत आहे. आपले सामान करारानुसार घेऊन जावे. परांचीवरील सर्व काम थांबवले असून वर कोणीही नाही. हे तिसरं वाक्य लिहिण्याआधी वरची माणसं खाली उतरवायची असतात. म्हणून मी भावाला फोन लावला.

गिलाव्याचं काम माझ्या धाकट्या भावाकडे होतं. सगळ्या साइटला ते ठाऊक होतं. त्याचा हात इतका साफ होता की साहेबांनीच त्याला घ्या म्हटलं होतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा. वेणी सोडून बाकी सगळं मी त्याचं केलंय. आज तो पुढच्या भिंतीवर सहाव्या मजल्याशी, अकरा माणसं घेऊन.

"खाली या सगळे," मी म्हटलं. "मामांचा करार संपवतोय."

"ताई, माल कालवलाय. अर्धी भिंत सोडली तर सांधा दिसेल, मग पुन्हा सगळं खरवडा. तासभर दे."

"तासभर म्हणजे तासभरच."

"तुझी शपथ. आणि डबा खा गं वेळेवर, नाहीतर संध्याकाळी माझ्यावर खेकसशील."

मी हसले आणि फोन ठेवला. पत्र छापलं, तिसऱ्या वाक्यासकट. माझा हिशेब सरळ होता. मामा पत्र ऐकतील, अर्धा तास शिव्या देतील, अर्धा तास चहा पितील, तोवर भाऊ उतरलेला असेल. अकरा वर्षं त्यांनी प्रत्येक भांडणाला कमीत कमी एक तास घेतला होता.

मामा त्यांच्या पत्र्याच्या खोपटात खोक्यावर बसले होते. भाच्यानं पत्र वाचलं. मामांनी मान खाली घालून ऐकलं.

"पोऱ्याला मारलं म्हणून?"

"हो, मामा."

"आणि त्यानं तिरपा काढला त्याचं काय?"

"त्याच्यावरही कारवाई होईल."

"होईल, होईल. आणि वर कुणी नाही म्हणतेस?"

भाच्यानं बोट ठेवून तिसरं वाक्य पुन्हा वाचलं. मामांनी पोचेवर सही केली, कागद खिशात घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात फाटकात गोंधळ झाला, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी तोंड उघडलं नव्हतं.

फाटकात नवा परांचीवाला ट्रक घेऊन आला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे वीसेक माणसं. साहेबांनी त्याला आत सोडायला सांगितलं होतं. पत्राची शाई वाळायच्या आत! त्याच्या एका माणसानं मामांच्या रचून ठेवलेल्या पाईपांतला एक उचलून खांद्यावर घेतला. मामांच्या पोरानं त्याला दम दिला, त्यानं आईवरून शिवी हासडली, आणि पोरानं हातातला पाना त्याच्या तोंडावर मारला. मी दातांचा आवाज ऐकला. फरशीवर कप फुटतो तसा.

मग जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. पाईप पाईपावर आदळत होते आणि मध्ये माणसं होती. एकाचा हात कोपरापासून उलटा वळलेला मी पाहिला. तो त्या हाताकडे बघत नुसता उभा होता. लोखंडी क्लॅम्प दगडांसारखे उडत होते. इस्त्रीवाल्याच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरायला गेला, क्लॅम्प कपाळावर बसला आणि तो पायरीवरूनच मागे कोसळला. मामा खोपटातून बाहेर आले ते थेट इस्त्रीवाल्याकडे. त्यांनी त्याची कॉलर धरली, त्याला ट्रकच्या दारावर एकदा आपटलं, दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा त्याच्या शर्टाचा पुढचा भाग त्यांच्या मुठीत राहिला आणि तो खाली गेला. कुणीतरी मागून मामांच्या भुवईवर पाईप मारला. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. वॉचमन खुर्ची डोक्यावर धरून पळत सुटला. साहेबांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं, हे मात्र मी नीट पाहिलं.

दहा मिनिटांत नवी माणसं फाटकाबाहेर होती, काही चालत, काही ओढत नेलेली; त्यांचा ट्रक मात्र आतच राहिला. मामांनी फाटकाला साखळी घातली. डोळ्यात रक्त उतरत होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं.

"हे परत येतील," ते पोरांना म्हणाले. "दुप्पट येतील, पोलीस घेऊन येतील. आपला एक पाईप यांच्या हाती लागता कामा नये. उतरवत बसायला वेळ नाही. पुढची भिंत आडवी पाडा."

परांची नीट उतरवायची तर वरून खाली यायचं असतं, एकेक मजला, दोन दिवस लागतात. आडवी पाडायची तर इमारतीच्या आतून जायचं, प्रत्येक मजल्यावर खिडकीतून हात घालून भिंतीला बांधलेले जोड सोडायचे, आणि खालून ट्रकला दोर लावून ओढायचं. मामांनी जन्मात असं काम केलं नव्हतं. असं करणाऱ्याला ते खाटीक म्हणायचे. पण त्या दिवशी अंगात राग होता, आणि खिशात माझा कागद होता की वर कुणी नाही.

त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि एक लांब फुंकर मारली.

पुढच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावलेली होती. जाळीआडचं खालून दिसत नाही. गिलावा कालवायचं मशीन अजून घरघरत होतं, पण ते दिवसभर घरघरतच असतं, कोण कशाला लक्ष देईल? मामांची काही पोरं ट्रकला दोर बांधू लागली, बाकीची जिन्यानं आत घुसली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत हात दिसले. मग तिसऱ्या.

मी फोन लावला. वाजत राहिला. त्याचे हात मालात असले की तो फोन उचलत नाही, हे मला माहीत होतं. मी मामांकडे धावले.

"मामा, शिट्टी द्या! थांबवा!"

"कशाला?"

"मी सांगते म्हणून थांबवा!"

"तुझा हुकूम संपला, बाई. करार संपला ना?" ते हसले. ओठ फाटला होता, दात लाल झाले होते, शिट्टी एका बाजूच्या दाढेत धरलेली होती. "आणि शिट्टीशिवाय कुणाचा हुकूम नाही, हे कुणी लिहिलं? तूच ना?"

चौथ्या मजल्याच्या खिडकीत हात दिसले. जाळी डुलली. वारा नव्हता.

वर माझा भाऊ आहे. चार शब्द होते. ते बोलले असते तर मामांनी त्याच श्वासात शिट्टी दिली असती, यात मला तिळभर शंका नाही. पण ते बोलायचं म्हणजे माझा कागद खोटा आहे असं त्यांच्या चाळीस माणसांसमोर म्हणायचं, आणि समोर ते लाल दात हसत होते. माझ्या डोक्यात सणक गेली. पायाशी कुणाचा तरी पाना पडला होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि मामांच्या कानाच्या वर घातला.

ते गुडघ्यावर आले. मी पुन्हा मारला. का, ते मला विचारू नका. पहिल्याच फटक्याला हसू थांबलं होतं. ते कुशीवर पडले, डोळे अर्धे उघडे, शिट्टी दातांत घट्ट. मी त्यांच्या जबड्यात बोटं घातली, ती ओढून काढली, तोंडात धरली. त्यांच्या रक्ताची खारट चव लागली. मी दोन तोकड्या फुंकरी मारल्या.

आणि मामांची पोरं थांबली. त्यांना काय शिकवलं होतं! चौथ्या मजल्यावरचे हात जोडावर होते तिथं थांबले. ट्रकच्या दोराला धरलेली माणसं दोर धरून थांबली. कुणी इकडचा तिकडे झाला नाही.

"आवळा!" मी ओरडले. "सोडलेले जोड परत आवळा! वर माणसं आहेत!"

कुणी हललं नाही. दोन शिट्ट्या म्हणजे हात जिथं आहे तिथं. तोंडी हुकूम कुणाचाच नाही. तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा खिडकीतून माझ्याकडे बघत होता, हातात पाना, हाताखाली सुटलेला जोड, आणि तो माझ्या कलमाप्रमाणे वागत होता. आवळायची शिट्टी मला माहीत नव्हती. मी वेडीवाकडी फुंकत राहिले, एक, तीन, पाच, आणि ती माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

वरच्यांना तोवर पायाखालचं डुलणं कळलं होतं. जाळीआडून आरडाओरडा सुरू झाला. मग कुणीतरी थापीनं जाळी फाडली आणि मला माझा भाऊ दिसला. तो सहाव्या मजल्याच्या खिडकीशी उभा राहून एकेकाला मानगूट धरून आत ढकलत होता. मी मोजत होते. चार आत गेले. सात. त्यांच्या धावण्यानंच परांची भिंतीपासून सुटत चालली होती. भिंत आणि फळी यांच्यात आधी वीतभर अंतर होतं, मग हातभर झालं. नववा उडी मारून गेला. दहाव्याला त्यानं अक्षरशः फेकला. अकरावा एक म्हातारा गवंडी होता, तो फळीला मिठी मारून बसला होता आणि सोडायला तयार नव्हता.

"सोड त्याला!" मी किंचाळले. "तू जा! तू आत जा!"

त्यानं खाली बघितलं. मला ओळखलं असेल की नाही, माहीत नाही. तो खिडकीपासून मागे फिरला, म्हाताऱ्याकडे गेला, त्याची बोटं फळीवरून उकलू लागला.

परांची एकदम पडली नाही. ती आधी कण्हली. मग पाचव्या मजल्याशी उभे पाईप वाकले आणि वरचा सगळा भाग इमारतीकडे पाठ करून खाली आला. पाईप, फळ्या, घमेली, ओला माल, जाळी. मामांची पोरं आता पळाली. एक पाईप उभाच येऊन ट्रकच्या टपातून आरपार गेला. ढिगाऱ्याचा आवाज थांबल्यावर मालाचं मशीन तेवढं घरघरत राहिलं.

म्हातारा जाळीत गुंडाळला गेला होता. दोन्ही पाय मोडले, पण तो ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. भाऊ त्याच्यापासून चार हातांवर होता. फळी त्याच्या छातीवर आडवी. मी ती उचलायचा प्रयत्न केला. मग मामांची पोरं आली, त्यांनी ती उचलली, आणि मला कळलं की उचलली काय, न उचलली काय. अंगभर ओला गिलावा होता. त्याचं तोंड मी पदरानं पुसलं. डोळ्यांत माल गेला होता तरी तो पापण्या मिटत नव्हता.

जुनं हॉस्पिटल शंभर पावलांवर. सगळ्यांना तिथंच नेलं. दुपारी तीन वाजता मी अपघात विभागाच्या बोळकांडीत उभी होते, हातावर वाळलेला माल, नखांत मामांचं रक्त. बाकावर मामा बसले होते. डोक्याला पट्टी, त्यातून एक डोळा आणि अर्धं तोंड दिसत होतं. शेजारी पोलीस. सगळं त्यांच्यावरच जाणार होतं. करार संपलेला, परांची त्यांची, पाडायची शिट्टी त्यांची, आणि पत्र मिळाल्याची सही त्यांची. साहेबांनी तसं सांगूनही टाकलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुम्ही गप्प राहा. तुमचा कागद पक्का आहे."

पोलीस पाणी प्यायला उठला. मामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"धाकटा गेला?"

"गेला."

त्यांनी खाली वाकून अर्ध्या बोटांनी बाकाची कड धरली.

"वर माणसं आहेत हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"कागद देतानासुद्धा?"

"हो, मामा."

त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट खरोखरच समजली नाही की माणूस विचारतो, तसं विचारलं.

"मग मला का मारलंस, पोरी?"

मी उत्तर शोधलं. इतकी वर्षं मी बोलण्याचंच खाते, पण एकच सापडलं.

"तुम्ही समोर होतात म्हणून."

मामांनी हळूच मान हलवली. मग बाकाला धरून उठले, भिंतीचा आधार घेतला आणि बोळकांडीच्या टोकाकडे बघून हाक मारली.

"ओ पोलीस, इकडे या. आधी या बाईचं लिहून घ्या."